टॅटू काढायचा विचार आहे? आधी जागा ठरवा, चित्र नंतर

टॅटू काढायला येणारी बहुतेक माणसं मोबाइलमधलं चित्र पुढे करतात आणि विचारतात, "हे कुठे चांगलं दिसेल?" हा क्रमच उलटा आहे. चित्र लहान-मोठं करता येतं, त्यातली रेघ जाड-बारीक करता येते. जागा एकदा ठरली की ठरली. तीच जागा मग ऑफिसात शर्टाच्या बाहीखाली असते, लग्नकार्यात चारचौघांत असते, मेडिकलच्या वेळी डॉक्टरांसमोर असते. "टॅटू नको होता" असं म्हणणाऱ्यांची तक्रार नीट ऐकली, तर पुष्कळदा ती टॅटूबद्दल नसतेच. ती मनगटाबद्दल असते, मानेबद्दल असते, नाहीतर घाईत गोंदलेल्या नावाबद्दल असते.

म्हणून "मला टॅटू आवडतात का?" हा प्रश्न सोडून द्या. दुसऱ्याच्या हातावरचा टॅटू कौतुकाने बघणं वेगळं आणि तो रोज अंगावर वागवणं वेगळं. स्वतःला विचारायचं ते एवढंच: या जागी, हा मजकूर, मला न विचारता सगळ्यांना दिसत राहिला तर चालेल का?

मन कसं तपासायचं

चित्र खऱ्या मापात कागदावर छापा, कापा आणि ठरवलेल्या जागी साध्या चिकटपट्टीने लावून आरशासमोर उभे राहा. पाच मिनिटांत मापाचा अंदाज येतो. मोबाइलच्या पडद्यावर भरगच्च दिसणारं चित्र दंडावर बहुतेक वेळा हरवून जातं.

यानंतरची पायरी म्हणजे दोन आठवड्यांची रंगीत तालीम. जागुआ नावाच्या फळाच्या रसापासून केलेला निळसर काळा रंग १० ते १४ दिवस टिकतो. त्याने तेच चित्र त्याच जागी काढून घ्या. आधी कोपराच्या आतल्या बाजूला ठिपका लावून ४८ तास वाट बघा, खाज किंवा पुरळ आलं तर तो नाद सोडा. चौपाटीवर किंवा जत्रेत मिळणारी "काळी मेंदी" मात्र लावू नका. मेंदी मुळात काळी नसते. तो काळेपणा अनेकदा केसांच्या डायमध्ये वापरल्या जाणाऱ्या पीपीडी या रसायनाचा असतो. त्याने फोड येतात, डाग राहतात आणि एकदा ॲलर्जी जडली की पुढे आयुष्यभर पीपीडी असलेला केसांचा डायही चालत नाही.

या दोन आठवड्यांत नेहमीचं आयुष्य जगा. ऑफिसला जा, एखाद्या घरगुती समारंभाला जा, सोसायटीच्या मीटिंगला बसा. लक्ष ठेवायचं ते स्वतःच्या हातांवर. साहेब समोर आले, सासूबाई आल्या, की हात आपसूक बाही खाली ओढतो का? ओढत असेल तर टॅटू चुकीचा नाही, जागा चुकीची आहे. जागा बदला आणि पुन्हा तालीम करा. दहाव्या दिवशी चित्राकडे लक्षच जाईनासं झालं तर घाबरू नका. ते अंगवळणी पडलं, असा त्याचा अर्थ आहे.

काही प्रसंगी थांबणंच बरं. नवं प्रेम असताना जोडीदाराचं नाव नको. आई किंवा वडील नुकतेच गेले असतील तर काही महिने जाऊ द्या, कारण त्या दिवसांत हाताला लागेल तो फोटो निवडला जातो आणि चेहऱ्याचा टॅटू बिघडला तर तो रोज टोचत राहतो. त्यापेक्षा त्यांच्या हस्ताक्षरातला एखादा शब्द किंवा सही घ्या. रेघेचं काम चेहऱ्यापेक्षा कितीतरी चांगलं टिकतं. ग्रुपमधले सगळे काढतायत म्हणून काढायचा असेल, तर "मी सोबत बसतो, काढत नाही" असं सरळ सांगा. न काढण्यासाठी कुणालाही कारण द्यावं लागत नाही.

जागा

शाई त्वचेच्या वरच्या थरात नसते. तो थर साधारण महिन्याभरात झडून नवा येतो. शाई त्याखालच्या थरात, सुमारे १ ते २ मिलिमीटर खोल बसते आणि तिथल्या पेशी ती धरून ठेवतात. सुई उथळ गेली तर रंग झडतो, खोल गेली तर शाई पसरून रेघेभोवती निळसर छाया पडते. बोटं, तळव्याची कड, पाऊल या ठिकाणी त्वचा सतत घासली जाते, त्यामुळे रेघा लवकर तुटक होतात. पहिल्या टॅटूसाठी हाताची आतली बाजू, दंडाची बाहेरची बाजू किंवा खांद्याची मागची बाजू निवडा. बरगडी, पाठीचा कणा, घोटा आणि पावलाची वरची बाजू इथे दुखणं जास्त. पोटावरचं चित्र वजन वाढल्यावर किंवा बाळंतपणात ताणलं जातं. छाती आणि खांद्यावर जखमेचे जाड, उंच व्रण उठण्याची प्रवृत्ती घरात कुणाला असेल, तर आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. मुंबईत केईएम, सायन आणि नायर रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहेत, केस पेपर काढून विचारता येतं.

नोकरीचा विचार जागेच्या वेळीच करायचा. सैन्यभरतीत कायमचा टॅटू हाताच्या आतल्या बाजूला, कोपरापासून मनगटापर्यंत, आणि तळहाताच्या मागच्या बाजूला चालतो. इतर जागी तो अडचणीचा ठरतो, आदिवासी उमेदवारांसाठी वेगळी सवलत आहे. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या भरतीत अट आणखी बारीक आहे: डाव्या हाताची आतली बाजू, कारण सलाम उजव्या हाताने करतात, किंवा तळहाताची मागची बाजू, आणि माप त्या भागाच्या पाव हिश्श्याहून कमी. जाहिरातीसोबतचं वैद्यकीय निकषांचं पान वाचल्याशिवाय भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींनी सुईजवळ जाऊ नये. विमान कंपन्यांच्या केबिन क्रूमध्ये गणवेशाबाहेर दिसणारा टॅटू बहुतेक ठिकाणी चालत नाही.

देव, महाराज, बाबासाहेब यांच्याबाबतीत आपल्याकडे एक अलिखित नियम आहे आणि तो पाळावा असं आमचं ठाम मत आहे: कमरेच्या खाली काढायचं नाही. पोटरीवर गणपती किंवा पावलावर ॐ काढला तर तो बघणाऱ्याच्या मनाला लागतो, आणि प्रत्येकाला आपली भावना समजावत बसणं शक्य नसतं. दंड किंवा छाती ही जागा सगळ्यांना पटते.

नियमित रक्तदान करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. टॅटू काढल्यावर १२ महिने रक्त देता येत नाही. मंडळाच्या शिबिरात दरवर्षी रक्त देत असाल तर आधी शिबिर उरकून घ्या, मग आठवड्याभराने टॅटू, पण पुढच्या वर्षीचं शिबिर चुकू शकतं हे धरून चाला.

घरच्यांशी बोलताना

"आजीच्या कपाळावर, हनुवटीवर गोंदण होतंच ना, मग माझा टॅटू का नको?" हा युक्तिवाद घरात सहसा चालत नाही, आणि तो पूर्ण खराही नाही. आजीचं गोंदण तिने निवडलेलं नव्हतं. ठिपके, तुळस, नवऱ्याचं किंवा भावाचं नाव हे सगळं रीतीने ठरलेलं असायचं, गावातल्या इतर बायकांच्या अंगावरही तेच. मेल्यावर दागिने इथेच राहतात, गोंदण तेवढं सोबत येतं, ही त्यामागची श्रद्धा. टॅटू हा एकट्या माणसाचा निर्णय असतो, आणि आईवडिलांना नेमकं तेच खुपतं.

विरोधामागे बहुतेक घरांत चार काळज्या असतात: स्थळ, नोकरी, रोगराई आणि पुढचा पश्चात्ताप. चारही एकदम अंगावर घेऊ नका. नोकरीचं उत्तर जागेत आहे, बाही खाली केल्यावर झाकलं जातं हे प्रत्यक्ष दाखवा. रोगराईचं उत्तर पुढे स्टुडिओच्या भागात आहे. शक्य असेल तर वडिलांना सोबत नेऊन सुईचं बंद पाकीट दाखवा, हातमोजे आणि सीलबंद सुई डोळ्यांनी बघितली की अर्धा विरोध मावळतो. पश्चात्तापाला उत्तर म्हणजे दोन आठवड्यांची तालीम. राहिलं स्थळ. तिथे आम्ही एवढंच सांगू की टॅटू लपवून लग्न ठरवू नका, पहिल्या दोन भेटींतच सांगून टाका.

काढून मग सांगणं सोपं वाटतं, पण त्यात टॅटूपेक्षा लपवाछपवीचा राग जास्त येतो. आधी सांगा. "विचारत नाही, सांगतोय" असा सूर असला तरी चालेल, पण आधी सांगा. आणि १८ पूर्ण नसतील तर थांबा, चांगला स्टुडिओ आधारकार्ड बघितल्याशिवाय सुई हातात घेत नाही.

देवनागरी मजकूर: इथे सगळ्यात जास्त चुका होतात

मुंबईत मराठी माणूस टॅटूला "आई" या शब्दाने सुरुवात करतो म्हटलं तर फारसं चुकणार नाही. दोन अक्षरांचा हा शब्द दिसतो तेवढा सोपा नाही. ई च्या डोक्यावरचा आकडा आणि शिरोरेषा यांत जागा कमी ठेवली, तर काही वर्षांत शाई पसरून तिथे काळा गोळा होतो. आ चा काना आणि ई यांच्यातलं अंतरही असंच बुजतं. त्वचेतली प्रत्येक रेघ वर्षांगणिक थोडी जाड होते. त्यामुळे दोन रेघांमध्ये किमान २ मिलिमीटर मोकळी जागा हवी, आणि अक्षराची उंची, मात्रा सोडून, किमान ८ मिलिमीटर. जोडाक्षर असेल तर १ सेंटिमीटर. अनुस्वाराचा टिंब शिरोरेषेपासून तितकाच दूर ठेवा, नाहीतर तो तिला चिकटून नाहीसा होतो.

आता शुद्धलेखन. "आशीर्वाद" हा शब्द "आर्शिवाद" असा गोंदलेला दिसला की वाईट वाटतं, कारण रफार एका अक्षराने सरकला आणि शी ऱ्हस्व झाली, आणि ही चूक खोडरबराने जाणारी नाही. दुसरी चूक संगणक करतो. चित्रं करण्याच्या काही सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी नीट जुळवली जात नाही. जोडाक्षर फुटतं, "शक्ती"चं "शक् ती" होतं, पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते. आर्टिस्ट मराठी वाचणारा नसेल तर त्याला ते चुकलंय हे कळतही नाही. म्हणून मजकूर मेसेजमध्ये टाइप करून पाठवू नका. चांगल्या हस्ताक्षरात कागदावर लिहा किंवा अक्षरं जुळवून पीडीएफ करा, मराठी चांगलं असलेल्या दोघांकडून वाचून घ्या आणि तोच कागद ट्रेस करायला सांगा. संस्कृत श्लोक असेल तर संस्कृत जाणणाऱ्याकडून.

राजमुद्रेबद्दल वेगळं सांगायला हवं. शिवाजी महाराजांची मुद्रा अष्टकोनी आहे आणि त्यावरचा श्लोक ३२ अक्षरांचा, चार चरण, प्रत्येकी आठ अक्षरं. एका चरणाला ८ मिलिमीटरची आठ अक्षरं म्हणजे साडेसहा सेंटिमीटर झाले, त्यात मधली अंतरं आणि कडेची किनार धरली तर मुद्रा १० सेंटिमीटरच्या आत वाचनीय होत नाही. मनगटावर ४ सेंटिमीटरची मुद्रा काढली तर चार-पाच वर्षांनी तिथे काळा ठिपका उरेल. दंडावर किंवा पाठीवर काढा, नाहीतर "शिव" एवढंच सुबक अक्षरात घ्या.

दिशा विसरू नका. हात खाली सोडल्यावर समोरच्याला अक्षर सरळ दिसलं पाहिजे. बऱ्याच जणांना ते स्वतःला सरळ दिसावं असं वाटतं, पण मग जगाला ते आयुष्यभर उलटं दिसतं.

रंगांचं थोडक्यात. शाई आपल्या त्वचेच्या रंगातून दिसते. गव्हाळ-सावळ्या त्वचेवर काळा, गडद निळा, गडद लाल, गडद हिरवा खुलतात. पिवळा, पांढरा, फिका गुलाबी काही महिन्यांत मळकट होतात. लाल शाईची ॲलर्जी सर्वांत जास्त बघायला मिळते. आर्टिस्टला ताज्या कामाचे फोटो मागू नका. सावळ्या त्वचेवरचे, किमान वर्ष झालेले फोटो मागा.

मुंबईत कधी काढावा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. घाम कमी, पाऊस नाही. होळीच्या आधी तीन आठवडे काढू नका, रंग कच्च्या जखमेत जातो. नवरात्रात गरब्याचे जड कपडे घासतात.

पावसाळ्यात गुडघ्याखाली टॅटू काढणं धोक्याचं आहे. तुंबलेल्या पाण्यात उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरा जंतू येतात आणि ते कातडीवरच्या जखमेतून शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची मोठी साथ आली होती. ताजा टॅटू म्हणजे हजारो टोचण्यांची उघडी जखम. हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या पाण्यातून घरी यायची वेळ कधीही येऊ शकते. तरी काढून झाला आणि पाण्यातून चालावं लागलं, तर साबणाने धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा, ताप यायची वाट बघू नका.

वार शुक्रवार संध्याकाळ किंवा शनिवार सकाळ. पहिले दोन दिवस लोकलची गर्दी टळते. खांद्यावर टॅटू असेल तर पुढचे दहा दिवस सॅक पुढे लटकवा, पट्टा खपली ओढून काढतो आणि तिथला रंग जातो.

स्टुडिओत काय बघायचं

सुई किंवा कार्ट्रिजचं (सुई बसवलेल्या नळीचं) पाकीट तुमच्यासमोर फुटलं पाहिजे, त्यावरची मुदत वाचा. शाई मोठ्या बाटलीतून छोट्या नव्या टोपणात ओतली जाते आणि उरलेली फेकली जाते, ती परत बाटलीत जाता कामा नये. शाई पातळ करायला निर्जंतुक पाणी, नळाचं नाही. मशीन आणि वायर प्लास्टिकने गुंडाळलेली, वस्तरा नवा, वापरलेली सुई टाकायला टणक डबा. आर्टिस्टने मोबाइलला हात लावला तर हातमोजे बदलले पाहिजेत, हे बघायला बहुतेक लोक विसरतात. जत्रेतल्या स्टॉलवर एकच सुई आणि एकच शाईची वाटी दिवसभर फिरते. हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही पसरायला तेवढं पुरतं. हिपॅटायटिस बीची लस घेतली नसेल तर तिचे तीन डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी असतात. टॅटूचा बेत लांबचा असेल तर आधी तेवढं करून घ्या.

आदल्या रात्री झोप आणि निघताना पोटभर जेवण हवं, रिकाम्या पोटी चक्कर येते. २४ तास दारू नको. रक्त पातळ करणारी गोळी, मधुमेह, मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन, गर्भारपण यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टर. स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका.

स्टेन्सिल, म्हणजे कातडीवर उमटवायचा चित्राचा ठसा, चिकटवताना आडवे पडू नका, सरळ उभे राहा. हात वळला की चित्र वळतं. स्टेन्सिल १० ते १५ मिनिटं सुकू द्या, तोवर प्रत्येक अक्षर मोठ्याने वाचा. जागा अर्धा इंच जरी खटकली तरी पुसून पुन्हा लावायला सांगा. संकोच वाटेल, पण हाच शेवटचा क्षण आहे. "आई"एवढ्या कामाला अर्धा ते पाऊण तास लागतो.

पुढचे तीन आठवडे

साधं प्लास्टिक लावलं असेल तर दोन-चार तासांत काढा, मुंबईच्या दमटपणात आत घाम साचतो. चिकटणारी वैद्यकीय फिल्म असेल तर तीन ते पाच दिवस राहू शकते, पण कडेने पाणी शिरलं की काढायची. कोमट पाणी आणि सौम्य साबणाने दिवसातून दोन-तीन वेळा धुवा, टॉवेलने नको, स्वच्छ टिश्यूने टिपा. मॉइश्चरायझर इतकंच की कातडी चकाकेल, थापू नका. हळद, खोबरेल तेल, टूथपेस्ट काहीही नको. चौथ्या-पाचव्या दिवशी पापुद्रे सुटतात आणि खाज येते, वरून हलकेच थोपटा, खाजवू नका. समुद्र, स्विमिंग पूल आणि ऊन तीन आठवडे बंद, नंतर कायम एसपीएफ ३० किंवा वरचं सनस्क्रीन.

पहिले दोन दिवस लालसरपणा आणि सूज साहजिक आहे. तिसऱ्या दिवसानंतर लाली वाढत गेली, जागा गरम लागली, पू आला किंवा ताप भरला तर आर्टिस्टला नाही, डॉक्टरांना दाखवा. चार ते सहा आठवड्यांनी स्टुडिओत एक चक्कर मारा, सुटलेल्या रेघा तेव्हा भरून देतात.

नको वाटला तर

लेझरने टॅटू फिका होतो, पण एका बैठकीत नाही. दोन बैठकांत सहा ते आठ आठवडे जावे लागतात, कारण फुटलेली शाई शरीराला हळूहळू वाहून न्यायची असते, आणि बैठका सहा, आठ, कधी त्याहून जास्त होतात. काळी शाई सर्वांत लवकर जाते, हिरवी, निळी आणि पिवळी हट्टी असते. सावळ्या त्वचेवर १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा लेझर त्यातल्या त्यात सुरक्षित, तरीही पांढरे किंवा काळे डाग राहू शकतात. हे काम त्वचारोगतज्ज्ञाकडेच करायचं, ब्यूटी पार्लरमध्ये नाही. पूर्ण घालवायचा नसून झाकायचा असेल तर नवं चित्र जुन्याच्या दुप्पट-तिप्पट मोठं आणि जास्त गडद लागतं. आधी दोन-तीन बैठका लेझर करून जुनं फिकं केलं की आर्टिस्टला हात मोकळा मिळतो आणि नवं चित्र तुलनेने लहान ठेवता येतं.